फडावरच्या बाळांची लस

महोदय,
गळीत हंगाम सुरू झाला की मला धास्ती वाटते. परवा ऊसतोड मजुराचे दीड वर्षाचे बाळ आले. डोळे लाल, नाक वाहणारे, कानामागून चेहऱ्यावर उतरलेले पुरळ. गालाच्या आत पांढरे ठिपके अजून दिसत होते. गोवरच. आईने उशाला कडुलिंबाचा पाला ठेवला होता. त्यावरून मी तिला काही बोललो नाही. लसीचे कार्ड मागितले. "गावाकडं पेटीत राहिलं, डॉक्टर." नवव्या महिन्याचा डोस ऐन तोडणीत हुकला होता.

उपचार आणि 'अ' जीवनसत्त्व देऊन बाळ सावरले. पण हा विषाणू रोगी निघून गेल्यावरही हवेत २ तासांपर्यंत राहू शकतो. कोप्यांच्या, म्हणजे मजुरांच्या पाचटाच्या झोपड्यांच्या, दाटीत इतर पोरांचे काय? लस मोफत आहे. पहिला डोस ९ महिन्यांनंतर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. कार्ड नसले तरी देता येते, हे फडावर कुणी सांगतच नाही.

मुकादमाकडे उचलीचा, म्हणजे मजुरांना दिलेल्या आगाऊ रकमेचा, हिशेब पैशापर्यंत असतो; मुलांच्या लसीचा मात्र नसतो. कारखान्यांनी टोळी उतरताच ५ वर्षांखालच्या मुलांची यादी करून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक बालरोगतज्ज्ञ, सांगली