‘बघू’ म्हणायचं नाही

ती. अण्णा आणि ती. आई यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर बोलून काही होत नाही, म्हणून पत्र लिहितेय. विषय काढला की अण्णा ‘बघू’ म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात. आई म्हणते, ‘त्यांनाच विचार.’ तीन महिने हेच चाललंय. म्हणून आता आधी करून टाकलेलं सांगते, मग काय रागवायचं ते रागवा. कोकणात जायचं ठरलं आहे. खोल्यांचे पैसे भरले, माझी रजा मंजूर झाली. २१ नोव्हेंबरला मी गाडी घेऊन लातूरला येते, २२ला पहाटे निघायचं. कार्तिकी तोवर होऊन गेलेली असेल, पारणंही सुटलेलं असेल. आईचा तो मुद्दा मी आधीच बाद केलाय.

अण्णा, आधी गुडघ्याचं ऑपरेशन, मग फिरणं, हे तुमचं म्हणणं मला कळतं. पण मी डॉक्टरांना विचारलं (तुमच्या पाठीमागे विचारलं, चुकलंच). ते म्हणाले, जपून नेलंत तर काही हरकत नाही. ऑपरेशन जानेवारीत. त्यानंतर दोन-तीन महिने व्यायामातच जाणार. मग येतो उन्हाळा, तिकडचा मे म्हणजे नुसता घाम. जूनपासून समुद्र खवळतो, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बोटी बंद. म्हणजे गेलं पुढच्या नोव्हेंबरवर. आणि पुढच्या वर्षावर टाकलेल्या गोष्टींचं आपल्या घरी काय होतं, ते आपल्या तिघांनाही माहीत आहे.

१९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे पुरती सुरू झाली तेव्हा तुम्ही पेपरातला पुलाचा फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ म्हणाला होतात. तो निळा डबा, त्यातल्या दहा-दहाच्या नोटा, आणि जूनमध्ये माझी हॉस्टेलची फी. मला कळलं नाही असं तुम्हाला दोघांनाही वाटतं. मला तेव्हाच कळलं होतं. मी काही बोलले नाही, एवढंच. त्यामुळे या वेळी ‘किती लागले’ हे कोणी विचारायचं नाही. आई, तू तर मुळीच नाही.

आता रस्ता ऐका. पहिला चहा तुळजापुरात, भवानीआईचं दर्शन घेऊन. मग सोलापूर, सांगोला, मिरज करत संध्याकाळपर्यंत कोल्हापूर. लांब पल्ला आहे, पण दर दीड तासाने थांबायचं आणि अण्णांनी उतरून पाय मोकळे करायचे. अंबाबाईला दुसऱ्या दिवशी पहाटेच जाऊ, गर्दी कमी असते. तिथून निपाणी, आजरा आणि आंबोली. एक रात्र आंबोलीत, मग घाट उतरून सावंतवाडी आणि पुढे मालवणात तीन रात्री.

आंबोलीचा मोठा धबधबा तेव्हा बारीक झालेला असेल, हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर अण्णा म्हणतील ‘हाच का तो’. पण जुलैत गेलो असतो तर धुक्यात समोरचा ट्रक दिसला नसता, पायाखाली शेवाळ आणि वर नाचणारी पोरं. मला तर पावसाळ्यानंतरची आंबोलीच आवडते. डोंगर हिरवे असतात आणि माणसाला माणसासारखं उभं राहता येतं. तिथे हिरण्यकेशीचा उगम आहे. गुहेतून पाणी येतं, समोर कुंड आहे, तिथे महादेव आहे. थोडं चालावं लागतं, पण घाई करायला आपल्यामागे कोण लागलंय?

मला तुम्हा दोघांना तिथे उभं करायचंय, कारण ती नदी पुढे घटप्रभेला मिळते आणि घटप्रभा कृष्णेला. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने आपल्याकडे आलं ते पाणी कृष्णेचंच होतं. अण्णा लगेच चूक काढतील की घटप्रभा मिरजेच्या बरीच खाली मिळते, हे ते पाणी नव्हे. नसू दे. घराणं एकच आहे. आई, त्या उन्हाळ्यात तू भांडी घासलेलं पाणी तुळशीला घालायचीस आणि मला फोनवर सांगायचीस, ‘पाणी भरपूर आहे, तू काळजी करू नको.’ तिथे कुंडातलं पाणी ओंजळीत घे आणि तसंच सोडून दे. मला नुसतं ते बघायचंय.

बाकी आईने समुद्र पाहिलाय तो एकदाच, दादाच्या वेळी, टॅक्सीच्या काचेतून. तेव्हा ती समुद्राकडे बघतच नव्हती. आपली खोली तळमजल्यावर आहे, ओट्यावर बसलं की माडांमधून पाणी दिसतं. आधी एका ठिकाणी फोनवर ‘तळमजलाच हो’ म्हणाले आणि फोटो पाठवला तो जिन्याचा. तिथलं रद्द केलं. इथे कमोड आहे, धरायला दांडी आहे, गरम पाणी चोवीस तास आहे. उशी जाड असते म्हणून आईची पातळ उशी मी गाडीतच ठेवणार आहे.

जेवणाचंही बोलून ठेवलंय. आईची माळ आहे हे घरातल्या बाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, ‘आमच्याकडे पण सोमवार असतोच की, भांडी वेगळी आहेत.’ घावन, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या, सोलकढी, नारळाच्या रसातले शिरवाळे. यात मासा कुठेही नाही. अण्णांना तांदळाची भाकरी मिळेल. आई, ज्वारीचं पीठ घेऊ नकोस. तिकडे लोकांच्या चुलीशी जाऊन भाकऱ्या थापत बसशील. बरं, एक किलो घे. त्याच्यावर नाही.

अण्णा, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं आता लिहिते. २५ नोव्हेंबरला आपण मालवणात आहोत. ती तारीख का धरली, हे तुम्हाला सांगायला नको. सिंधुदुर्गाच्या पायाभरणीचं १६६४ हे साल मी तुमच्याच वर्गात पाठ केलंय. पांढऱ्या खडूने कुरटे बेट, निळ्या खडूने समुद्र, आणि निळा संपला की ‘समुद्र आपापल्या मनात काढा’. पाऊणशे पोरं आणि मी, पहिल्या बाकावर, तुम्हाला ‘गुरुजी’ म्हणायची सक्ती असलेली. इतकी वर्षं तो किल्ला तुम्ही फळ्यावर काढलात. आता एकदा त्याच्या दरवाजात उभे राहा. अठ्ठेचाळीस एकर सगळं फिरायचं नाही. दोन बुरुजांच्या आड लपलेला दरवाजा बघायचा, महाराजांच्या हाताचा ठसा बघायचा, शिवराजेश्वराच्या देवळात बसायचं, आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव बघायच्या. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या विहिरी, हे तुम्ही सांगायचात तेव्हा मला ते खोटं वाटायचं.

बोटीत चढता-उतरताना हात द्यायला माणसं असतात. द्यायला आले की हात धरायचा, ‘मी उतरतो’ म्हणायचं नाही. त्या दिवशी गुडघा फारच दुखला, तर किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. खडकावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेले आहेत, किल्ल्याच्या पायाभरणीची पूजा तिथेच झाली. आपण तिथे बसून समोर किल्ला बघू. त्यात कमीपणा कसला?

आता कामाचं. गोळ्या आठ दिवसांच्या घ्या, सहाच्या नाही. निम्म्या अण्णांच्या पिशवीत, निम्म्या माझ्याकडे. आई, साखर तपासायचं मशीन आणि पट्ट्या. खिशात खडीसाखर. घाटाच्या दिवशी पुढच्या सीटवर तू बसायचंस, सकाळी फक्त पोहे, उलटीची गोळी अर्धा तास आधी. मला माळशेज पुन्हा नको. नव्या चपला नकोत, जुन्याच घाला. घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे. दूधवाल्याला नको म्हणून सांगा. पेपर मात्र बंद करू नका, आल्यावर अण्णांना सगळे वाचायचे असतात.

दादाला सांगितलंय. जावई आणि नातू येणार नाहीत, त्याची परीक्षा आहे. आपण तिघंच, पूर्वीसारखे. मागच्या सीटवर मध्ये बसून मला झोप लागायची आणि दोन्हीकडून हात यायचा, तेवढं आता जमणार नाही, गाडी मलाच चालवायची आहे.

तुमची,
चिमी

ता. क. अण्णा, काठी घेतली आहे. वापरायचीच असं नाही. डिकीत मी ठेवीन, तुम्ही पाहिलीच नाही असं समजा.