रेवदंड्याच्या तटाआड : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

अलिबागहून मुरूडकडे निघालेला प्रवासी रेवदंड्यात पोर्तुगीज तटबंदीच्या आत शिरतो, पण तटाआड आता नारळी-पोफळीच्या वाड्या, घरे आणि बाजार असल्यामुळे पुष्कळदा ते त्याच्या ध्यानातही येत नाही. पहिल्या खेपेस मीही असाच थेट किनाऱ्यावर गेलो होतो.

रेवदंड्याला लागूनच असलेले चौल हे पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीपासूनचे बंदर. पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन इथेच उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. 1508 मध्ये याच खाडीत इजिप्त आणि गुजरातच्या आरमारांनी पोर्तुगीजांचा पराभव केला, तरी 1521 मध्ये निजामशहाकडून किल्ला बांधण्याची परवानगी त्यांनी मिळवलीच. अरबी घोडे उतरवून घेणारे आणि चौलचे रेशीम परदेशी धाडणारे हे ठाणे 1740 मध्ये मराठ्यांकडे आले.

पोर्तुगीज गेले, पण त्यांची भाषा राहिली. कुंडलिका नदीच्या मुखापलीकडे कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिसळणीतून घडलेली बोली सुमारे हजार माणसे आजही घरात बोलतात आणि तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. माझ्या मते या परिसरातला सर्वांत मोलाचा ठेवा हाच आहे, आणि तो कोणत्याही बुरुजावरून दिसत नाही.

तटबंदीची डागडुजी हे पुरातत्त्व खात्याचे काम आहे, याची मला जाणीव आहे. आपल्याकडे मागणे वेगळे आहे. सातखणी मनोरा, चर्चचे अवशेष आणि तट यांना जोडणारी पायवाट वाडीमालकांच्या संमतीने आखावी (त्यांच्या मोबदल्यासह, कारण सुपाऱ्या तुडवत जाणारे पाहुणे कोणाला आवडतील?), वाटेवर नीट तपासलेल्या मजकुराचे मराठी फलक असावेत आणि गावातील तरुणांना वाटाडे म्हणून प्रशिक्षण मिळावे. कोर्लईच्या बोलीविषयी काय सांगायचे आणि काय नाही, हे मात्र तिथल्या रहिवाशांनीच ठरवावे. त्यांना प्रदर्शनातील वस्तू करू नये.

जलक्रीडांच्या नव्या सोयी किनाऱ्यावर येण्याआधी ही पायवाट व्हावी, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक प्रवासी