घरगुती भाषेची खरी परीक्षा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एरिक वास्टल यांनी २०१५ साली सुरू केलेली ‘ॲडव्हेंट ऑफ कोड’ची डिसेंबरातली कोडी स्वतः रचलेल्या संगणकभाषेत सोडवू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी थोडे. फाइल वाचणे, ओळी तोडणे, मजकुरातून आकडा काढणे आणि हॅशमॅप (नावावरून नोंद झटकन शोधून देणारा तक्ता) एवढे आधी तयार ठेवा. क्लास, इनहेरिटन्स वगैरे थाट नंतर. पूर्णांक ६४ बिटांचेच हवेत. सगळे आकडे ‘डबल’मध्ये, म्हणजे अपूर्णांकांसाठीच्या प्रकारात ठेवले, तर २ च्या ५३व्या घातापुढे शेवटचा अंक गुपचूप चुकतो. कोड्यातल्या छोट्या नमुन्याचे उत्तर जुळते, खऱ्या माहितीचे नाही! उणे १ ला ५ ने भागून बाकी ४ द्यायची की उणे १, तेही आधीच ठरवा.

२०१५चे चौथे कोडे मात्र घाम काढते. त्यात एमडी-५ लागते, म्हणजे मजकुराचा ठराविक लांबीचा ठसा (हॅश) काढण्याची रीत. तिच्यासाठी ३२ बिटांची बेरीज आणि बिट फिरवणे आले. दुसऱ्या भागात १६च्या पायात लिहिलेल्या हॅशच्या सुरुवातीला सहा शून्ये हवीत. त्यासाठी सरासरी १६ चा सहावा घात, सुमारे १ कोटी ६८ लाख हॅश काढावे लागतात. प्रत्येक व्हेरिएबल नावाने शोधत बसणारा इंटरप्रिटर (तुमच्या भाषेतला प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम) इथे तासन्‌तास अडकतो. पार्सिंग (प्रोग्राम वाचून त्याची रचना उलगडणे) झाल्यावरच व्हेरिएबलच्या नावांना क्रमांक देऊन ठेवा. तरीही भागले नाही, तर इंटरप्रिटर ज्या भाषेत लिहिला त्या मूळ भाषेतून एमडी-५ उसने घ्यावे. त्यात कमीपणा कसला?

– एक वाचक, पुणे