आलमपूरच्या रस्त्यावर एक दगड हवा आहे

सप्रेम नमस्कार.

गेल्या हिवाळ्यात मंडळाची काही मंडळी ग्वाल्हेरहून भिंड जिल्ह्यातल्या आलमपूरला गेली होती. सुभेदार मल्हारराव होळकरांची छत्री, म्हणजे त्यांचं स्मारक, पाहायची होती. रस्त्यावर तसा फलक काही दिसला नाही, म्हणून चहाच्या टपरीवर विचारलं, "सूबेदार मल्हाररावजी की छतरी किधर है?" बाकावरच्या म्हाताऱ्या बाबांनी कप खाली ठेवला. "कौन सी पलटन के थे?"

आम्ही हसलो, पण बाबांचं काय चुकलं? भिंडकडची पोरं पिढ्यानपिढ्या फौजेत जातात. तिथं सूबेदार म्हणजे पेन्शनवर घरी आलेला शेजारी. मल्हाररावांची सुभेदारी माळवा प्रांताची. आजचा राज्यपाल म्हणा हवं तर, फक्त याला दर पावसाळ्यानंतर फौज घेऊन निघावं लागे.

नीरेकाठच्या होळ गावात १६९३ साली जन्म. लहानपणीच वडील गेले, आई तळोद्याला भावाकडे घेऊन गेली. तिथं मेंढरं राखणारा हा मुलगा पुढं पेशव्यांच्या चाकरीत शिरला आणि १७३० पासून माळव्याच्या कारभारात त्याचा शब्द चालू लागला. १७५४ साली कुम्हेर किल्ल्याच्या वेढ्यात मुलगा खंडेराव पडला. सती निघालेल्या सुनेला मल्हाररावांनीच थांबवलं. २० मे १७६६ रोजी ते स्वतः उत्तरेत असतानाच, आलमपूरला वारले. तिथली छत्री बांधली ती त्याच सुनेनं, अहिल्याबाईंनी. २०२५ मध्ये बाईंच्या त्रिशताब्दीला आपण सगळ्यांनी हार घातले. ही छत्री मात्र आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे?

तर छत्रीकडे वळणाऱ्या रस्त्यावर एक फलक बसवायचा आहे. पत्र्याचा नको. पत्रा दोन पावसाळ्यांत गंजतो आणि निवडणूक आली की त्यावर कुणाचे तरी जोडलेले हात चिकटतात. चार फूट बाय तीन फूट, ग्वाल्हेरचा दगड, कोरीव अक्षरं. वर हिंदी, खाली मराठी. मराठी आधी हवी असा आग्रह बैठकीत झाला, पण वाचणारा आलमपूरचा आहे, हे शेवटी सगळ्यांना पटलं. पहिली ओळ ठरली आहे: "सूबेदार, अर्थात मालवा प्रांत के शासक". बाबांना आता पलटन विचारावी लागणार नाही. पानिपतातून मल्हारराव वेळेआधी निघाले का, हा वाद दगडावर येणार नाही. तो मंडळात चहाबरोबर दर महिन्याला चालूच आहे.

छत्रीच्या वास्तूला आम्ही हात लावणार नाही. फलक बाहेर, रस्त्याकडेला. परवानगीचा अर्ज दिला आहे आणि ती लेखी हातात आल्याशिवाय दगड घडवायला देणार नाही.

दगड, कोराई, चौथरा, वाहतूक धरून खर्च पंच्याऐंशी हजार रुपये. एकतीस हजार जमले आहेत. शंभर रुपयेही चालतील, पावती प्रत्येकाला मिळेल. देणगीदारांची नावं दगडावर कोरायची नाहीत असं ठरलंय; ती मंडळाच्या वहीत राहतील, वही कुणीही येऊन पाहावी. शिंद्यांच्या ग्वाल्हेरात होळकरांसाठी झोळी फिरवता म्हणून चेष्टा होते आहे. करणाऱ्यांनी चेष्टेबरोबर देणगीही द्यावी.

पैशांखेरीज दोन गोष्टी हव्या आहेत. मजकूर कोरायला जाण्याआधी त्यातली हिंदी आणि मराठी डोळ्यांत तेल घालून तपासणारं कुणीतरी, कारण दगडावरचं ऱ्हस्वदीर्घ पुसता येत नाही. आणि एक छोटा ट्रक, दिवसभरासाठी. डिझेल आम्ही भरू, चालकाचं जेवण आमच्याकडे.

कार्यालय रोज संध्याकाळी सहा ते आठ उघडं असतं. रविवारी सकाळीही कुणी ना कुणी भेटेल.

आपली,
मंडळाची कार्यकारिणी, ग्वाल्हेर