मला दुसरी की नको, पहिली कुणाची होती ते सांगा

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी
(नियमाप्रमाणे साईटवर तुमचं नाव लावायला पाहिजे, ते नाहीये, म्हणून हुद्द्यानेच लिहिते)

विषय: विंडोज 11 प्रो + ऑफिस प्रोफेशनल प्लस कॉम्बो, 2 नग, एकूण 1798 रुपये

नमस्कार,

काल तुमचा परत मेल आला, "आपली तक्रार सोडवण्यात आली आहे", आणि खाली 25 अक्षरांची नवीन की, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करायचा कोड. ती मी टाकलेली नाही, टाकणारही नाही, तेव्हा आधी ते बंद केलेलं तिकीट उघडा आणि हे पूर्ण वाचा, बॉटला देऊ नका.

माझं कराडला डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, मी आणि एक मुलगी. लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, पोरांचे प्रोजेक्ट, असली कामं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, सगळे म्हणाले अकरा टाका, म्हणून दिवाळीनंतर तुमच्या साईटवरच्या एका विक्रेत्याकडून घेतलं. एका कॉम्प्युटरमागे 899 रुपये. बाहेर नुसतं साधं ऑफिस घ्यायचं म्हटलं तरी हजारांत जातं हे मला माहीत होतं, खोटं कशाला बोलू, मला मोह झाला. पण तुमच्या पानावर हिरव्या टिकमार्कसकट "जेन्युइन, लाईफटाईम" लिहिलेलं, वर तुमच्या कंपनीचा लोगो. विक्रेत्याला मी ओळखत नाही, विश्वास तुमच्या त्या हिरव्या खुणेवर ठेवला.

की टाकली तर चालेना. विक्रेत्याचा माणूस फोनवर म्हणाला एनीडेस्क (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं ॲप) द्या, मी करून देतो. त्याने आधी अँटिव्हायरस बंद केला, मी विचारलं का हो, तर म्हणे मॅडम सगळ्यांचं असंच करतो. मग काळ्या खिडकीत भराभर काहीतरी टाईप केलं, पाच मिनिटांत "ॲक्टिव्हेटेड". मी पण खूश. तेव्हाच डोक्यात यायला पाहिजे होतं की ज्याला पैसे मोजलेत त्याला घरात शिरायला कुलूप का तोडावं लागतंय.

एप्रिलच्या शेवटी, ऐन लग्नसराईत, दोन्ही स्क्रीनच्या कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट विंडोज", आणि वर्डला वर लाल पट्टी, लायसन्स नाही म्हणून. गिऱ्हाईक शेजारी बसून प्रूफ बघतंय आणि ती लाल पट्टी त्याच्या डोळ्यासमोर. एक वकीलसाहेब हसून म्हणाले, वहिनी, आमची प्रतिज्ञापत्रं चोरीच्या वर्डवर करता होय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटर रिपेअरिंग करतो, त्याने फोनवरून मला एसएलएमजीआर डीएलव्ही ही लायसन्सची माहिती दाखवणारी कमांड टाकायला लावली. त्यात आलं "व्हॉल्यूम केएमएसक्लायंट चॅनल". म्हणजे काय ते त्याने सांगितलं आणि माझे डोळे उघडले. हे लायसन्स मोठ्या कंपन्या-कॉलेजांसाठी असतं, त्यांचा स्वतःचा सर्व्हर असतो, निदान 25 कॉम्प्युटर त्याच्याकडे आले तरच तो विंडोजला होकार देतो, आणि तो होकार 180 दिवसांचा, मधे मधे परत विचारत राहायचं. माझ्याकडे 25 कॉम्प्युटर कुठले, माझ्याकडे 25 खुर्च्या पण नाहीत. ऑक्टोबरच्या शेवटापासून 180 दिवस मोजा, बरोबर एप्रिलचा शेवट येतो, म्हणजे पहिल्यानंतर परत होकार मिळालाच नाही. हे तुमचं लाईफटाईम! आणि ते प्रोफेशनल प्लस पण असंच, त्याचं आत्ताचं 2024 चं व्हर्जन मायक्रोसॉफ्ट तुमच्या-माझ्यासारख्या सुट्या गिऱ्हाइकाला विकतच नाही, फक्त व्हॉल्यूममध्ये, म्हणजे संस्थांना गठ्ठ्याने, देतं.

त्याच कमांडमध्ये सर्व्हरचा पत्ता पण दिसतो. आमच्या दोन्ही मशीनवर एकच पत्ता, कुणाचा देव जाणे, आता बंद आहे. म्हणजे सहा महिने माझा कॉम्प्युटर दर आठवड्याला कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरला विचारत होता की मी खरा आहे का. वर डिफेंडरमध्ये (विंडोजच्या स्वतःच्या अँटिव्हायरसमध्ये) सी ड्राईव्हचा एक फोल्डर "तपासू नको" म्हणून टाकून ठेवलेला. माझ्या कॉम्प्युटरवर लोकांची आधार कार्डं, पॅन कार्डं, सातबारे स्कॅन करून ठेवलेले असतात हो. त्या फोल्डरमध्ये काय होतं मी बघत बसले नाही, भाच्याने सांगितलं तसा डेटा काढून दोन्ही मशीन फॉरमॅट केली, बँकेचे पासवर्ड बदलले, आख्खा दिवस आणि तीन पत्रिकांच्या ऑर्डरी गेल्या.

पूर्वी गल्लीतला पोरगा पेनड्राईव्हवरून शंभर रुपयांत टाकून द्यायचा. चूकच होतं ते, पण चोरीचं आहे हे सगळ्यांना माहीत तरी असायचं. तुम्ही पैसे घेतले, "डिजिटल सर्व्हिस" असं मोघम लिहिलेली पावती दिली, त्यावर जीएसटी नंबर नाही, लायसन्स कुठल्या प्रकारचं ते नाही, आणि मला गिऱ्हाईकाच्या जागेवरून उचलून चोराच्या जागेवर बसवलंत. कॉपीराईट कायद्याचं कलम 63ब वाचा, माहीत असून बेकायदा सॉफ्टवेअर वापरलं तर सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख दंड. "माहीत असून" हा शब्द महत्त्वाचा आहे. एप्रिलपर्यंत मला माहीत नव्हतं, आता आहे, म्हणूनच तुमची दुसरी की मी हातात पण धरणार नाही.

विक्रेत्याने मला युरोपच्या कोर्टाचा 2012 चा निकाल चिकटवून पाठवला, की वापरलेलं सॉफ्टवेअर परत विकणं कायदेशीर आहे. भाच्याने वाचला तो. एक तर तो युरोपियन युनियनचा, कराड अजून तिथे गेलेलं नाही. दुसरं, त्याच निकालात आहे की पहिल्या मालकाने स्वतःची कॉपी बंद केली पाहिजे आणि गठ्ठ्याने घेतलेलं लायसन्स फोडून सुटं सुटं विकता येत नाही. मग विचारा त्याला, पहिला मालक कोण? कागद आहे का?

आणि "डिजिटल मालावर रिफंड नाही" हे मला सांगू नका. दुकान माझ्या पोटापाण्याचं आहे, स्वतःच्या उपजीविकेसाठी घेणारा 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहकच आहे. ई-कॉमर्सच्या नियमात तुम्हाला 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण सांगितलंय. माझे 1798 रुपये ज्या खात्यातून आले तिथेच परत पाठवा, विक्रेत्याचं पूर्ण नाव-पत्ता द्या, ही की कुठल्या लायसन्समधली ते लेखी कळवा. ते पान आज सकाळी पण चालू होतं, आता 849 ला आहे, ते उतरवा आणि ज्यांनी ज्यांनी घेतलंय त्यांना कळवा, त्यांनी पण अँटिव्हायरस बंद करून दिला असणार.

महिना झाला की मी 1915 या ग्राहक हेल्पलाईनला फोन करणार आणि साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज लावणार, एवढ्या रकमेला तिथे फी नाही, आणि अर्ज टाईप करायला मला बाहेर जावं लागत नाही. सध्या लिबरऑफिसवर करतेय, फुकट आहे आणि लाल पट्टी नाही.

ऑर्डरचा स्क्रीनशॉट, पावती, कमांडचा फोटो आणि एनीडेस्कच्या वेळचं चॅट जोडलंय. फोन ऑर्डरमधलाच, पण दुपारी दोन ते चार करू नका, दुकान बंद असतं.

तुमची ग्राहक,
कराड