दोन पत्ते असूनही अडलेला प्रोग्रॅम

प्रिय दादा,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारीतल्या त्या रात्री माझा एक फोन आला आणि तुम्ही थंडीत सातपूरहून गाडी काढून पिंपळगाव बसवंतला आलात. आभार तेव्हाच मानले होते, पण माझं समाधान झालं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

द्राक्षांचा हंगाम भरात होता. शीतगृहाचं तापमान दर मिनिटाला सर्व्हरला कळवणारा माझा प्रोग्रॅम गप्प झाला होता. सर्व्हर दोन होते, एकाच नावामागे दोघांचे वेगवेगळे नेटवर्क पत्ते. एक पडला तरी दुसरा सांभाळेल, असं मी मालकांना छातीठोकपणे सांगून बसलो होतो.

तुम्ही आधी कोड उघडलाच नाही. नेटवर्कवरून काय येतं-जातं ते दाखवणारं टीसीपीडंप लावून मला शेजारी बसवलंत. पहिल्या पत्त्याकडे सिन पॅकेट, म्हणजे जोडणीची पहिली विनंती, गेलं, मग 1, 3, 7, 15, 31, 63 सेकंदांवर पुन्हा पुन्हा, आणि 127 व्या सेकंदाला लिनक्सनं हात टेकले. "सर्व्हरनं नकार दिला असता तर लगेच कळलं असतं. हा गप्प बसलाय, म्हणून घात झाला," तुम्ही म्हणालात. मग कोड पाहिला. सुरू होताना एकदाच गेटहोस्टबायनेम, म्हणजे सर्व्हरच्या नावावरून पत्त्यांची यादी मागणारं फंक्शन, त्यातला पहिला पत्ता, आणि कायम तोच. दुसरा पत्ता त्याच यादीत होता. माझ्या कोडनं त्याच्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

मग तुम्ही उपाय सांगितलात: त्याच कामाचं नवं फंक्शन गेटअॅड्रइन्फो वापरून त्याची पूर्ण यादी फिरायची, प्रत्येक पत्त्याला दोन सेकंद, दर वेळी नवं सॉकेट, म्हणजे जोडणीचं नवं टोक. यादी संपली तर थोडं थांबून नाव पुन्हा विचारायचं, आणि ते थांबणं प्रत्येक यंत्राचं वेगवेगळं, नाहीतर सगळी एकदम उरलेल्या सर्व्हरवर तुटून पडतील. ब्राउझर तर पहिल्याच्या उत्तरासाठी ताटकळत न बसता दुसऱ्या पत्त्यालाही हाक मारतात, आरएफसी 8305 या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजात त्यासाठी 250 मिलिसेकंद सुचवलेत, हेही त्याच ओघात सांगितलंत.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती तुमची चाचणी. फायरवॉलमध्ये पहिल्या पत्त्यासाठी मुद्दाम ड्रॉपचा (पॅकेट गुपचूप टाकून देण्याचा) नियम घातलात, रिजेक्टचा (लगेच नकार कळवण्याचा) नाही. दोन सेकंद गेले आणि स्क्रीनवर 0.6 अंश उमटलं. मालकांनी तेव्हा कुठे खुर्ची ओढली.

परवा दिंडोरीच्या एका शीतगृहातलं माझंच जुनं काम उघडलं. तिथेही तोच पहिला पत्ता! बदलला, आणि ड्रॉपचा नियम लावून तपासूनच घरी आलो.

तुमचा,
पिंपळगावचा धाकटा भाऊ