दाढेच्या गोळ्या

अंबाजोगाई
मार्गशीर्ष शुद्ध अष्टमी, रात्री शटर ओढल्यावर

चि. सौ. मंजू हिस,
आण्णांचे अनेक आशीर्वाद.

परवा चंपाषष्ठीला आई चपलेबगर दुकानात आली, फोन माझ्या हातात दिला आणि तू एवढंच विचारलंस, "आण्णा, दिवाळीत दाढेला दिलेल्या त्या गोळ्या?" काउंटरवर पाच-सहा माणसं उभी होती. मी म्हणलं, "काही होत नाही." तीस वर्षं जे सगळ्यांना म्हणत आलो तेच तुलाही म्हणून मोकळा झालो. फोन ठेवला आणि समोरच्या म्हातारीला बीपीच्या गोळ्यांऐवजी शुगरच्या काढून दिल्या. विशालच्या लक्षात आलं म्हणून बरं.

असल्या विषयावर लेकीशी बोलायची आपल्या घरात रीत नाही आणि मला ते जमतही नाही, म्हणून लिहितोय. आधी हे सांगतो की तुला दिवस गेल्याचं ऐकून आम्ही दोघं आनंदात आहोत. आई दोन दिवस झाले उगीच कपाटं आवरतीय. आक्काला अजून सांगितलं नाही. तिला सांगितलं की संध्याकाळपर्यंत मंडीबाजारात कळतं.

गोळ्यांचं एकदाच लिहितो, परत काढणार नाही.

वसुबारसेला तू आलीस तेव्हा उजवा गाल सुजलेला होता. दातांचे डॉक्टर दिवाळीला गावाकडं गेलेले. मी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल पाच दिवसांचं दिलं, दुखण्याला डायक्लोफिनॅक-पॅरासिटामॉल. दोन्ही पाकिटांवर लाल रेघ आहे, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीबगर द्यायचं नाही. पोरगी माझी, दुकान माझं, चिठ्ठी कुणाला मागणार? परक्या बाईला देताना मी विचारतो, पाळी चुकलीय का, अंगावर पाजता का. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तरी तू नाहीच म्हणली असतीस, तेव्हा तुलाच कुठं माहीत होतं. हे मी दोन दिवस स्वतःला सांगतोय.

रात्री कालनिर्णय काढून बसलो. दसऱ्याला तुला अडचण आली म्हणून तू योगेश्वरीच्या देवळाबाहेर गाडीत बसलीस आणि आईवर चिडलीस, "कुठल्या जमान्यात आहात" म्हणून. त्या भांडणामुळं तारीख पक्की आहे. दसरा ते वसुबारस सतरा दिवस. गर्भ धरतो साधारण चौदाव्या दिवसाच्या मागंपुढं. म्हणजे गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तो जीव तीन-चार दिवसांचा आणि पाडव्याला संपल्या तेव्हा सात-आठ दिवसांचा. पिशवीला चिकटायलाच त्याला सहा ते दहा दिवस लागतात. तोवर आईच्या रक्ताशी त्याचं नीट नातंच जुळलेलं नसतं. या पहिल्या दोन आठवड्यांना डॉक्टर लोक 'ऑल ऑर नन' म्हणतात. इजा झालीच तर गर्भ टिकत नाही, पाळी येऊन जाते. टिकला तर बहुतेक करून धड वाढतो. अंगात महिनोन्‌महिने साठून राहणारी औषधं याला अपवाद, पण तुझ्या गोळ्या त्यातल्या नाहीत. हृदय, हातपाय, मज्जारज्जू हे सगळं नंतर घडतं, तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. तुझा गर्भ टिकलाय. सोनोग्राफीत ठोका दिसला म्हणलीस ना?

हिशेब चार वेळा केला. चारही वेळा तेच आलं. झोप मात्र आली नाही.

ओफ्लॉक्सासिनच्या कागदावर गरोदरपणात टाळा असं छापलेलं असतं, ते तू वाचलं असशील. कुत्र्याच्या वाढत्या पिल्लांच्या सांध्यांना त्यानं त्रास झाल्याचं दिसलं होतं, म्हणून. सुरुवातीच्या दिवसांत नकळत घेतलेल्या बायकांच्या लेकरांत मात्र व्यंग वाढल्याचं दिसलेलं नाही. डायक्लोफिनॅकच्या जातीची औषधं वीस आठवड्यांनंतर बाळाच्या किडनीला बाधू शकतात, शेवटच्या तीन महिन्यांत हृदयाजवळच्या नळीला. तू घेतलीस तेव्हा ना किडनी होती ना हृदय. तरी हे माझं दुकानदाराचं ज्ञान झालं. तुझ्या डॉक्टरबाईंना नावं, डोस, तारखा सगळं दाखव. वेगळ्या कागदावर लिहून सोबत घातलंय, आणि "वडिलांनी दिल्या" असंही लिहिलंय. लाजू नको.

डी. फार्मसीला आम्हाला एक सर थॅलिडोमाइड शिकवायचे. शिकवायचे म्हणजे तास संपला तरी सोडायचे नाहीत. पश्चिम जर्मनीत ते 1957 साली बाजारात आलं, बिनधोक म्हणून बायकांनी मळमळीवर घेतलं, आणि 1961 च्या नोव्हेंबरात तिथून काढून घेईपर्यंत हजारो पोटांत इजा होऊन गेली होती. लेकरं आखूड हातापायांची जन्मली. अमेरिकेत फ्रान्सिस केल्सी नावाच्या बाई सरकारी नोकरीत होत्या. कंपनीनं तगादा लावला तरी पुरावा आणा म्हणल्या, परवानगी दिली नाही. सर म्हणायचे, काउंटरवर उभे राहाल तेव्हा ती बाई आठवा. मला ती वसुबारसेला आठवली नाही. परवा आठवली.

बघ, एकदाच लिहितो म्हणलो आणि पान भरलं.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. आईनं सांगितली असेल तर माहीत नाही. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या रात्री गणपती बोळवून आम्ही नुकते आडवे झालो होतो. मांडणीवरची भांडी खाली आली, आक्का "पळा रे" म्हणून ओरडली. किल्लारीच्या भूकंपाचं कळायला उजाडलं. दुकानातलं ड्रेसिंगचं सामान आणि सलाईन टेम्पोत घालून भागवतमामा आणि मी औशाकडं गेलो. तिथलं तुला काय सांगू. परत आलो तेव्हा सगळी आळी रस्त्यावर झोपत होती. वरून पाऊस. ताडपत्रीखाली महिनाभर काढला, डास एवढे की विचारू नको. तुझ्या आईला थंडी वाजून ताप भरला. मलेरिया. मीच क्लोरोक्विन दिलं, तीन दिवसांत दहा गोळ्या. आठवड्यानं तिला उलट्या सुरू झाल्या. मला वाटलं गोळ्यांनी. आक्काला एका नजरेत कळलं की तू आहेस.

क्लोरोक्विन जास्त झालं की डोळ्याला, कानाला बाधतं, एवढं मला अर्धवट माहीत होतं. डॉक्टरबाई म्हणल्या, अहो, अंगात मलेरिया ठेवणं पोटातल्या जिवाला जास्त वाईट, हे औषध चालतं. मी मान डोलावली आणि आठ महिने विश्वास ठेवला नाही. जूनमध्ये तू झालीस. मी रोज दुपारी जेवायला आलो की झोळीजवळ जाऊन शटरच्या किल्ल्या वाजवायचो. तू डोळे फिरवलेस की किल्ल्या खिशात. दुसऱ्या दिवशी परत. आक्का म्हणायची, "लेकरू दचकतंय, किल्ल्या कशाला वाजवतूस रे?" मी म्हणायचो, सहज.

तीच पोरगी एमपीएससीच्या यादीत आली तेव्हा मी अख्ख्या रांगेतल्या दुकानदारांना पेढे वाटले. एकाकडं दोनदा गेलो म्हणं.

आता थोडं वडिलांसारखं लिहितो, रागावू नको. फोलिक ॲसिड चालू केलंस का? रोज चारशे मायक्रोग्रॅम, पहिले तीन महिने तरी. खरं ते दिवस राहायच्या आधीपासून घ्यायचं असतं, कारण मज्जारज्जूची नळी गर्भ धरल्यापासून अठ्ठावीस दिवसांत मिटते. लग्नात तुला सोनं दिलं, फोलिक ॲसिड द्यायचं सुचलं नाही. दुकानात डबे भरून पडलंय. थायरॉइडची गोळी भीतीपोटी बंद करू नको, उलट या दिवसांत डोस वाढवावा लागू शकतो, रक्त तपासून घे. आणि खरं सांग, तोंडावरच्या मुरमांना कुणी आयसोट्रेटिनॉइन दिलं होतं का? भ्यायचं तर त्याला, किंवा फिट्सवरच्या व्हॅल्प्रोएटला. ते घेतलं असशील तर आजच्या आज डॉक्टरबाईंना फोन कर. मैत्रिणींचं ऐकून काढे पिऊ नको, पुण्यात काय काय विकतात. रात्री बारापर्यंत लॅपटॉप नको. दुचाकी नको. कळलं का?

चुकलं. तू तिशी ओलांडलेली बाई आहेस आणि मी दुचाकीवर बोलतोय.

ठेवायचं की नाही हे तू आणि जावईबापू ठरवा. मार्चमध्ये तुझं ट्रेनिंग आहे, आत्ता नको होतं, हे तू आईजवळ रडून बोललीस ते मला कळलंय. 1971 चा गर्भपाताचा कायदा आहे, 2021 ला दुरुस्त झाला, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर होतं. त्यात मला विचारायचं कारण नाही, आक्काला तर नाहीच. एवढंच म्हणतो, माझ्या गोळ्यांच्या भीतीनं ठरवू नको. मागं एक जोडपं दुकानात आलं होतं. बाईनं नकळत सर्दीच्या गोळ्या घेतल्या होत्या आणि जाऊबाई म्हणल्या आता लेकरू वेडंवाकडं होणार. सर्दीच्या साध्या गोळ्या होत्या. मी "डॉक्टरला विचारा" म्हणून हात झटकले. त्यांनी विचारलं नाही, परस्पर पाडून आले. थांबवून दोन शब्द बोललो असतो तर काय बिघडलं असतं?

आणि कसलंही औषध न घेतलेल्या बायकांतही शंभरात दोन-तीन लेकरांना काही ना काही व्यंग असतं, हेही तुला सांगायला पाहिजे. म्हणजे पुढं काही निघालंच तर ते माझ्या गोळ्यांनीच असं होत नाही. हे मी तुझ्यासाठी लिहितोय का स्वतःसाठी, काय माहीत. अकरा ते तेरा आठवड्यांत एक सोनोग्राफी, मग अठरा ते वीसमध्ये मोठी, त्यात सगळे अवयव बघतात. दोन्ही चुकवू नको. आक्का पोरगा का पोरगी विचारील, लक्ष देऊ नको. 2011 च्या जनगणनेत आपल्या बीडमध्ये सहा वर्षांच्या आतल्या हजार पोरांमागं 807 पोरी निघाल्या, तेवढी बदनामी पुरे झाली.

येळवशीला, येत्या अवसेच्या रानपूजेला, येते म्हणली होतीस. ती पहिली सोनोग्राफी त्याच दिवसांत येतीय आणि रस्ता तुला माहीतच आहे. येऊ नको. आंबील आणि भज्जीचा डबा घेऊन आम्हीच येतो. रानातली पूजा विशाल करील. देवीचा उत्सव सुरू झालाय, आईनं तुझ्या नावानं ओटी भरायचं ठरवलंय. तू मानत नाहीस हे तिला माहीत आहे.

या सगळ्यात दाढेचं विचारायचंच राहिलं. सूज गोळ्यांनी दबली असेल, कीड तिथंच आहे. तिथल्या दातांच्या डॉक्टरकडं जा, खुर्चीत बसायच्या आधी दिवस गेल्याचं सांग. दुखलं तर पॅरासिटामॉल घे, पण तुझ्या डॉक्टरबाईंना विचारून. मला विचारू नको.

तुझे,
आण्णा

ता. क. ठोका मिनिटाला किती होता ते कागदावर लिहिलेलं असतं. त्याचा फोटो पाठव.